कर्ण्याने गिळला बदाम

सन एकोणीसशे अठ्ठावन्न. महिना डिसेंबर. तारीख पंचवीस. नाताळचा दिवस. थंडी पडलेली. ऊन उतरणीला लागलेलं.

वसईकडे एक गाव. नाव बोरभाट. गावात एक चर्च. चर्चपुढे अंगण. अंगणात बदामाचं झाड. झाडावर एक खार.

खारीची शेपूट झुपकेदार. म्हणून तिचं नाव झिपरी.

झिपरीला तीन पिल्लं. तिन्ही भुकेली.

"आई, खाऊ!"
"आई, खाऊ!"
"आई, खाऊ!"

झिपरीकडे एक बदाम होता. एकच. झाडावरचा शेवटचा. तो तिने तोंडात धरला होता.

"थांबा! आले!" झिपरी म्हणाली.

बोलायला तोंड उघडलं. बदाम सुटला.

गड गड गड. टप. टण्. गुडुप!

झिपरीने खाली पाहिलं. खाली पितळी बँड बसला होता. लाल डगले. पांढऱ्या टोप्या. मधोमध पास्कूकाका. काकांच्या मांडीवर मोठा कर्णा. कर्ण्याचं तोंड परातीएवढं. तोंड वर. आणि बदाम आत!

टुणुक टुणुक टुणुक. झिपरी खाली आली.

"पास्कूकाका, पास्कूकाका, तुमच्या कर्ण्याने माझा बदाम गिळला."

"कर्णा पितळेचा आहे," पास्कूकाका म्हणाले. "बदाम खात नाही."

"खातो. आत्ता खाल्ला."

काकांनी कर्णा हलवला. खुळ खुळ खुळ.

"खाल्ला खरा," काका म्हणाले.

"उलटा करा ना!"

"सात वळणं आहेत आत. उलटा करून निघायचा नाही. फुंकला तरच निघेल."

"मग फुंका ना!"

"छे छे! कर्णा आधी वाजत नाही. बोरभाटची रीत आहे. आधी मान ढोलाचा. मग माझा."

"आणि ढोल वाजलाच नाही तर?"

"सूर्य बुडाला की कर्णा खोक्यात. मग थेट ईस्टरला बाहेर."

ईस्टर! म्हणजे उन्हाळा! पिल्लं तर आत्ता भुकेली.

झिपरीने सूर्याकडे पाहिलं. सूर्य ताडाच्या शेंड्यावर होता.

टुणुक टुणुक टुणुक. झिपरी निघाली.

ढोलामागे मिंगेलकाका. ढोल मोठा. काकांचं पोट त्याहून मोठं.

"मिंगेलकाका, मिंगेलकाका, ढोल वाजवा ना!
ढोल वाजेना,
कर्णा बोलेना,
बदाम निघेना.
आता मी काय करू?"

मिंगेलकाकांनी टिपरू उचललं. झिपरी खूश झाली. काकांनी टिपरूने पाठ खाजवली. टिपरू खाली ठेवलं.

"छे छे! आधी मान काठीचा. मग माझा. मास्तरांची काठी हलली की मी ढोल वाजवीन."

टुणुक टुणुक टुणुक. झिपरी निघाली.

स्टुलावर सांतान मास्तर उभे. मास्तर बुटके. मिशा लांब. हातात काठी. काठी बोटाएवढी बारीक. पण अख्खा बँड तिला भितो.

"मास्तर, मास्तर, काठी हलवा ना!
काठी हलेना,
ढोल वाजेना,
कर्णा बोलेना,
बदाम निघेना.
आता मी काय करू?"

"रांगेत उभी राहा," मास्तर म्हणाले.

"मी एकटीच आहे."

"एकटीची रांग कर."

झिपरीने एकटीची रांग केली.

"हं. आता ऐक," मास्तर म्हणाले. "आधी मान गाण्याचा. मग माझा. गाणं उठलं की मी काठी हलवीन."

टुणुक टुणुक टुणुक. झिपरी निघाली.

पायरीवर गाणारी मंडळी. बारा जणी, बारा जण. सगळ्यांत पुढे कातरीनबाय. लाल लुगडं, केसात फूल.

"कातरीनबाय, कातरीनबाय, गाणं म्हणा ना!
गाणं उठेना,
काठी हलेना,
ढोल वाजेना,
कर्णा बोलेना,
बदाम निघेना.
आता मी काय करू?"

"अगं बाई! एवढीशी खार, केवढं मोठं गाऱ्हाणं!" कातरीनबाय म्हणाली. "काय मंडळी, गाऊ या का?"

मागून सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "नाऽऽऽही!"

"ऐकलंस? आधी मान पेटीचा. मग आमचा. पेटीने सूर दिला की आम्ही गाणं म्हणू."

झिपरीने सूर्याकडे पाहिलं. सूर्य ताडाच्या कमरेला आला होता.

टुणुक टुणुक टुणुक. झिपरी निघाली.

दारापाशी पेटी. पेटीपुढे फिलूताई. एक हात भात्यावर. एक हात पट्ट्यांवर. दोन्ही हात गप्प.

"फिलूताई, फिलूताई, सूर द्या ना!
सूर लागेना,
गाणं उठेना,
काठी हलेना,
ढोल वाजेना,
कर्णा बोलेना,
बदाम निघेना.
आता मी काय करू?"

"मी कधीची बसलेय!" फिलूताई म्हणाली. "बोटं गार पडली. बघ."

झिपरीने बोटाला नाक लावलं. बोट गारगार.

"मग द्या ना सूर!"

"कशी देऊ? आधी मान घंटेचा. मग माझा. घंटा घुमली की मी सूर देईन."

टुणुक टुणुक टुणुक. झिपरी निघाली.

मनोऱ्याखाली इनासदादा. हातात घंटेचा दोर. दोर धरून इनासदादा झोपलेला. घुर्रर्र. घुर्रर्र.

झिपरीने त्याच्या बुटावर उडी मारली.

"इनासदादा, इनासदादा, घंटा वाजवा ना!
घंटा घुमेना,
सूर लागेना,
गाणं उठेना,
काठी हलेना,
ढोल वाजेना,
कर्णा बोलेना,
बदाम निघेना.
आता मी काय करू?"

"आँ? संपलं का गाणं?" इनासदादा म्हणाला.

"सुरूच नाही झालं!"

"बरं झालं. मला वाटलं, जेवणही संपलं."

"दोर ओढा ना, दादा!"

"छे छे! आधी मान फादरांचा. मग माझा. फादर हो म्हणाले की मी घंटा वाजवीन."

आणि इनासदादा पुन्हा झोपला. घुर्रर्र. घुर्रर्र.

टुणुक टुणुक टुणुक. झिपरी निघाली.

अंगणात जेवणाचा मांडव. मांडवाच्या दारात फादर जुजे. पांढरा झगा. नाकावर चष्मा. बाजूला टेबल. टेबलावर नेवऱ्यांचं ताट. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्या. फादर ताटाकडे बघत नव्हते. पण पोट बोलत होतं. गुरगुर. गुरगुर.

"फादर, फादर, हो म्हणा ना!
फादर बोलेनात,
घंटा घुमेना,
सूर लागेना,
गाणं उठेना,
काठी हलेना,
ढोल वाजेना,
कर्णा बोलेना,
बदाम निघेना.
आता मी काय करू?"

"बाळे, मलाही भूक लागली आहे," फादर म्हणाले.

"मग हो म्हणा ना!"

"नाही गं. आधी मान आजीचा. मग माझा. नातालीनआजी गावात सर्वांत मोठी. तिने मान हलवली की मी हो म्हणीन. शंभर वर्षांची रीत आहे."

"आजी मान का हलवत नाही?"

"कोण जाणे!"

"विचारलंत का?"

फादरांनी चष्मा पुसला. "मानाच्या माणसाला कोण विचारणार?"

झिपरीने सूर्याकडे पाहिलं. सूर्य ताडाच्या पायाशी आला होता.

टुणुक टुणुक टुणुक! टुणुक टुणुक टुणुक! झिपरी धावत सुटली.

अंगणाच्या मधोमध मानाची खुर्ची. खुर्चीत नातालीनआजी. नव्वद वर्षांची. नाताळात जन्मली म्हणून नातालीन. अंगावर लाल लुगडं. गळ्यात सोन्याची माळ. आजी ताठ बसलेली. काठीसारखी ताठ. इकडे बघेना. तिकडे बघेना.

"आजी, आजी, मान हलव ना!
मान हलेना,
फादर बोलेनात,
घंटा घुमेना,
सूर लागेना,
गाणं उठेना,
काठी हलेना,
ढोल वाजेना,
कर्णा बोलेना,
बदाम निघेना.
आता मी काय करू?"

आजी हळूच म्हणाली, "कोण आहे खाली? मला दिसत नाही."

"मी झिपरी. खाली बघ ना!"

"कशी बघू? मान अवघडली आहे."

"काय?"

"हळू बोल गं! गाव ऐकेल. सकाळी खूप नेवऱ्या तळल्या. खाली मान घालून तळल्या. मग मान वर केली. आणि वरच राहिली. आता वर होत नाही, खाली होत नाही."

"मग तोंडाने सांग की. सुरू करा म्हण."

आजीचे डोळे मोठे झाले. "तोंडाने? तोंडाने सांगितलं तर मान कसला?"

"मग मान दुसऱ्याला दे."

"दुसऱ्याला? मी जिवंत असताना?"

झिपरीने कपाळाला हात लावला.

मान मोठा. पण मान हलेना!

झिपरीने सूर्याकडे पाहिलं. अर्धा सूर्य बुडाला होता. पास्कूकाकांनी खोका जवळ ओढला होता.

"आजी," झिपरी म्हणाली, "मान मी हलवते."

"तू? एवढीशी?"

"हो. एवढीशी."

टुणुक! झिपरी आजीच्या पायावर.
टुणुक! झिपरी आजीच्या मांडीवर.
टुणुक! झिपरी आजीच्या खांद्यावर.

झिपरीने शेपूट पसरली. आजीच्या मानेवर फिरवली. लुसलुस. लुसलुस. लुसलुस.

"ही ही!" आजी हसली. "अगं, नको!"

लुसलुस. लुसलुस.

"ही ही ही! मेले, गुदगुल्या होतात!"

लुसलुस लुसलुस लुसलुस.

"ही ही ही ही! नको! नको!"

कट्!

मान सुटली. पण हलली कशी? इकडून तिकडे. तिकडून इकडे. नाही, नाही, नाही!

फादरांनी पाहिलं. "अरेच्चा! आजी नाही म्हणते!"

"नाही?" इनासदादाने जागं होऊन दोर सोडला.

"नाही?" फिलूताईने पेटी मिटली.

"नाऽऽऽही?" गाणारी मंडळी म्हणाली.

"नाही?" मास्तर स्टुलावरून उतरले.

"नाही?" मिंगेलकाकांनी ढोल उचलला.

"नाही," पास्कूकाका म्हणाले. त्यांनी खोक्याचं झाकण उघडलं. कर्णा आत ठेवला.

झिपरी ओरडली, "आजी! आडवी नको! उभी! मान उभी हलव!"

आजी थांबली. आजीने पदर सावरला. आजीने श्वास घेतला.

मान खाली. मान वर. मान खाली. मान वर.

हो! हो! हो!

आजीने मान हलवली.

फादर जुजे ओरडले, "होऽऽ!"

इनासदादाने दोर ओढला. घंटा घुमली. ढण् ढण् ढण्!

फिलूताईने भाता दाबला. सूर लागला. सूंऽऽऽ!

कातरीनबायने हात वर केला. गाणं उठलं.

"आला गं बाळ, आला आला!
गोठ्यात निजला, बाळ आला!"

मास्तर स्टुलावर चढले. काठी हलली. सप् सप् सप्!

मिंगेलकाकांनी टिपरू मारलं. ढोल वाजला. धडाम् धडाम् धडाम्!

पास्कूकाकांनी कर्णा खोक्यातून ओढला. ओठाला लावला. गाल फुगवले.

भोंऽऽऽ!

बदाम हलला. निघाला नाही.

"काका, जोरात!" झिपरी ओरडली.

काकांचे गाल लाडवाएवढे झाले.

भोंऽऽऽऽऽ!

बदाम वर आला. निघाला नाही.

"काका, आणखी जोरात!"

काकांचे गाल नारळाएवढे झाले. डोळे मिटले. कान लाल झाले.

भोंऽऽऽऽऽऽऽऽऽऽ!

टुप्!

बदाम उडाला. मास्तरांच्या टोपीवर टण्. मिंगेलकाकांच्या ढोलावर ढुम्. फादरांच्या ताटात खळ्. ताटातून उसळला वर.

झिपरीने उडी मारली. टुणुक!

बदाम झिपरीचा होता. झिपरीला मिळाला.